अ‍ॅव्हरेज पडतंय : दोष गाडीचा की ड्रायव्हरचा?

ताफाप्रमुख

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. थोडा लांबेल.

माझ्याकडे ३८ ट्रक आणि ५१ ड्रायव्हर आहेत. वर्कशॉप फोरमनच्या हाताखाली, ड्युट्या लावणारा विभाग वेगळा, आणि दोघांच्या मध्ये मी. दर महिन्याच्या मीटिंगला तेच नाटक. अ‍ॅव्हरेज का पडलं? फोरमन म्हणतो, ड्रायव्हर हाफ क्लचवर चालवतात, शेवटच्या क्षणी ब्रेकवर उभे राहतात. ड्युटीवाले म्हणतात, गाड्याच ओढत नाहीत, ड्रायव्हर काय करणार? पुरावे दोघांकडेही असतात, आपापल्या वहीत.

गेल्या महिन्यात एका रविवारी ऑफिसात कोणी नसताना दोन्ही वह्या टेबलावर शेजारी-शेजारी उघडून बसलो. तारीख जुळवत गेलो. १७ नंबरच्या गाडीपाशी थांबलो.

ड्रायव्हरांच्या स्लिपा : ४ तारखेला "गाडी जड चालते". ९ तारखेला दुसऱ्याच ड्रायव्हरने "जड. मागून वास येतो". १५ तारखेला पुन्हा पहिला, नुसतं "जड", आणि पेन असं दाबलेलं की खालच्या पानावर उमटलंय. वर्कशॉपच्या वहीत त्याच तारखांना : "हवा ओके, ग्रीसिंग ओके, ऑइल ओके." आणि ड्युटी विभागाच्या फायलीत २० तारखेचा एक कागद : त्याच पहिल्या ड्रायव्हरला कमी अ‍ॅव्हरेजबद्दल लेखी समज. खाली सही माझी.

तर प्रश्न असा : या दोन वह्या तुम्ही एकमेकांना कशा जोडता? सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे फोन रोज येतात, ते नकोय. प्रत्यक्ष काय करता ते सांगा.

जुना_फोरमन

तीस वर्षं हेच केलंय, म्हणून लिहितो. "जड" हा शब्द वर्कशॉपमध्ये कुणालाच आवडत नाही, कारण जॉब कार्डवर त्याचं काय लिहायचं ते कळत नाही. ब्रेक लागत नाही म्हटलं की काम ठरतं. जड म्हटलं की मेकॅनिक यार्डात एक चक्कर मारतो, काही जाणवत नाही, "ओके" लिहून मोकळा.

आणि खरं कारण वेगळंच आहे. ड्रायव्हर गाडी आणतो तेव्हा ती तापलेली असते. स्लिप पेटीत पडते. मेकॅनिक सकाळी बघतो तेव्हा गाडी रात्रभर थंड झालेली. अर्धे दोष तापल्यावरच बोलतात. चिकटणारा ब्रेक, गळायला लागलेलं सील, कोरडं बेअरिंग. सकाळी सगळे गपगार.

त्यामुळे पहिला उपाय फुकटचा आहे. गाडी आत येते त्या वेळी गेटवर एक माणूस उभा करा. ड्रायव्हर उतरायच्या आत दोन मिनिटं बोलायचं. बस.

ग्रीसगन

फोरमनसाहेबांशी सहमत. भर घालतो.

त्या गेटवरच्या माणसाच्या हातात लेसर ठिपक्याचा थर्मामीटर द्या. गाडी थांबल्या-थांबल्या प्रत्येक चाकाच्या ब्रेक ड्रमवर ठिपका धरायचा आणि आकडा लिहायचा. एकाच अ‍ॅक्सलची डावी-उजवी बाजू शेजारी-शेजारी. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर ब्रेक सुटत नाही किंवा बेअरिंग गेलं. हाताने चाचपू नका, चिकटलेल्या ब्रेकचा ड्रम कातडी सोलून काढतो. (माझ्या उजव्या तळव्यावर सही आहे.)

आणि एक गोष्ट लोक विसरतात. गरम ड्रमला सगळे घाबरतात, थंड ड्रमला कोणी विचारत नाही. उतार उतरून आलेल्या गाडीचे पाच ड्रम तापलेत आणि सहावा गार, म्हणजे सहावा ब्रेक काम करत नाही आणि त्याचं ओझं बाकीचे पाच वाहतायत. ते पाचही लवकर संपणार, आणि ब्रेकचे लायनर घासले म्हणून शिव्या ड्रायव्हरला.

ऑटोमॅटिक स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकची ढिलाई आपोआप काढणारे) असतील तर आणखी एक. ते हाताने पुन्हा-पुन्हा कसायला लागत असतील तर कसू नका, कारण शोधा. आपोआप कसणाऱ्या वस्तूला रोज हात लावावा लागतो म्हणजे दुसरंच काहीतरी बिघडलंय.

काठावरचा_वाचक

मी या धंद्यातला नाही, पण शंका विचारतो. कमी अ‍ॅव्हरेज म्हणजे डिझेल चोरी असं नसतं का? सगळीकडे तेच ऐकतो.

ताफाप्रमुख

असतं की. पण ती शंका सगळ्यात आधी घेतली की बाकी काही तपासायचं राहून जातं आणि प्रामाणिक माणूस तुटतो. आधी चाकं हाताने फिरवून बघावीत, मग माणसावर यावं. आम्ही उलटं केलं.

आकडेमोड

ताफाप्रमुख, आकड्यांच्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली, अ‍ॅव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असंच काढा आणि एका भरण्यावरून कुणाचाही न्याय करू नका. टाकी कधी गळ्यापर्यंत भरतात, कधी चार बोटं खाली. चार-पाच भरणी एकत्र केल्याशिवाय आकडा स्थिर होत नाही.

दुसरी, जास्त महत्त्वाची. एक गाडी एक ड्रायव्हर अशी जोडी असेल तर दोष गाडीचा की माणसाचा हे आकड्यांवरून कधीच कळणार नाही. दोघं कायम एकत्रच दिसतात. उपाय सोपा आहे : अदलाबदल. त्याच मार्गावर, साधारण तेवढ्याच वजनाला, दोन-तीन आठवडे तीन ड्रायव्हर आणि तीन गाड्या फिरवा. कमी अ‍ॅव्हरेज माणसाबरोबर गेलं तर माणूस, गाडीबरोबर राहिलं तर गाडी.

स्टिअरिंग_हाती

मी ड्रायव्हर आहे. आता आमचं पण ऐका.

अदलाबदलीला माझी हरकत नाही, पण कायमची करू नका. आपली गाडी असली की माणूस तिचा आवाज ओळखतो. रोज नवी गाडी मिळाली की कुणीच कुणाची काळजी घेत नाही, "कालच्याने सांगितलं असेल" म्हणून स्लिप लिहीत नाही. चाचणी म्हणून दोन आठवडे ठीक, मग ज्याची त्याला परत द्या.

दुसरं, गाडी कशी चालवतो त्याचे गुण देणारं ते यंत्र. आमच्याकडे जोरात ब्रेक मारला की गुण कमी होतात. मी गर्दीच्या मार्गावर, माझा मित्र मोकळ्या हायवेवर. महिन्याच्या शेवटी तो पहिला, मी एकेचाळिसावा. मग लोक काय करतात माहीत आहे? यंत्राला ब्रेक कळू नये म्हणून अंतर असूनही उशिरापर्यंत रेटत राहतात आणि पिवळा लागला की तसेच पुढे काढतात. यंत्र खूश. पाहिलंय मी.

आकडेमोड

मान्य. मोजमाप बक्षिसाला बांधलं की ते मोजमाप राहत नाही. तुलना त्याच मार्गावरच्या, त्याच वेळेच्या फेऱ्यांशीच व्हायला हवी. आणि पहिले काही महिने ते गुण फक्त त्या ड्रायव्हरला दाखवावेत, भिंतीवर लावू नयेत.

फेरीनियोजक

मी ड्युट्या लावते, म्हणजे या धाग्यातली खलनायिका मीच.

उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवण्यावरून आमच्याकडे ड्रायव्हरांना फार बोललं जायचं. मोठा डिझेल ट्रक उभ्या-उभ्या तासाला साधारण ३ लिटर पितो, तेव्हा बोलणं रास्त वाटायचं. एकदा मी ते तास कुठे-कुठे जातायत ते बघितलं. निम्म्याहून जास्त माल उतरवायच्या रांगेत. रांगेत गाडी दर दहा मिनिटांनी एक गाडी पुढे सरकते. कोण बंद-चालू करत बसणार? दोष ड्रायव्हरचा नव्हता, मी सगळ्यांना एकाच वेळी पाठवत होते त्याचा होता. वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाने फोडल्या. एकाही ड्रायव्हरला भाषण न देता ते तास कमी झाले.

आणखी एक, जे मला वर्कशॉपने शिकवलं. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि त्यासाठी गाडी सलग, वजनाला, बराच वेळ चालावी लागते. मी एकच गाडी महिनाभर छोट्या फेऱ्यांना लावत होते कारण ती सोयीची होती. दिवा लागायचा, ड्रायव्हर जाळण्याची प्रक्रिया मध्येच बंद करायचा कारण पुढची फेरी उभी. शेवटी गाडी ताकद कमी करून रांगायला लागली. वर्कशॉप म्हणे ड्रायव्हरची चूक, ड्रायव्हर म्हणे गाडी खराब. माझं नाव कुणी घेतलंच नाही! आता त्या गाड्यांना आठवड्यातून एकदा तरी लांबची फेरी देतेच, फळ्यावर खूण असते.

ग्रीसगन

ताई, तुमच्यासारखे चार जण भेटले तर आमची निम्मी कामं जातील.

जुना_फोरमन

आता मी एक उलटी गोष्ट सांगतो, कारण या धाग्याचा सूर "तपासण्या वाढवा" असा होत चाललाय.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने विमानांच्या दुरुस्तीच्या नोंदी तपासल्या. ठरलेली तपासणी झाली की लगेच अचानकचे बिघाड वाढायचे आणि मग हळूहळू उतरायचे. म्हणजे तपासणीच बिघाड घालत होती. उघडलेलं नीट न बसणं, कुठे कमी कसणं, कुठे जास्त. पुढे १९७८ मध्ये नौलन आणि हीप यांनी नागरी विमानांच्या भागांचा अभ्यास मांडला, त्यात वय वाढलं म्हणून बिघडणारे भाग जेमतेम ११ टक्के निघाले. बाकीच्यांना ठराविक मुदतीला बदलून काही फायदा नव्हता.

ट्रक म्हणजे विमान नव्हे. टायर, लायनर, क्लच प्लेट, फिल्टर हे घासणारे, भरणारे भाग आहेत, ते मुदतीत बदलावेच लागतात. पण चांगला चाललेला भाग "सर्व्हिसिंगला आलीच आहे तर" म्हणून उघडू नका. आणि चाक काढलं की ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट टॉर्क पान्याने पुन्हा कसायचे. हे त्या ड्रायव्हरला माहीत असायला हवं, कारण ते ५० किलोमीटर वर्कशॉपमध्ये होत नाहीत. चाक बदलल्याचं वर्कशॉपच्या वहीत, गाडी नेणारा ड्रायव्हर वेगळा, त्याला पत्ताच नाही. इथेच वह्या जोडायच्या असतात, संगणकाशिवाय. आम्ही स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायचो. नट कसल्याशिवाय सोडायची नाही.

रात्रपाळी

लाल चिंधी! वाचनखूण साठवली.

झोपेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती सक्तीची आहे, दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १० चालतात. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे १९९७ सालच्या प्रयोगात दिसलंय. आता हे दुरुस्तीला जोडा. माझी गाडी रात्री दहाला रस्त्यात बंद पडली. पहाटे तीनला दुरुस्त झाली. ऑफिसचा फोन : "झाली ना, निघा." वहीत ब्रेकडाउन पाच तास, प्रवास सुरू. पाच तास मी झोपलो होतो असं त्यांनी धरलं. मी टॉर्च धरून उभा होतो.

आमच्याकडे आता एक नियम झालाय. रस्त्यात तीन तासांपेक्षा जास्त थांबली तर पुढे निघण्याचा निर्णय ड्रायव्हर घेणार, ऑफिस नाही. तो नियम यायला एक गाडी रेलिंगला घासावी लागली.

स्टिअरिंग_हाती

+१. गाडीच्या नावाने नोंद होते, माणसाच्या नावाने होत नाही.

ग्रीसगन

टायरबद्दल थोडक्यात, कारण टायर ही तिसरी वही आहे आणि ती कोणी वाचत नाही. दोन्ही कडा घासल्या तर हवा कमी. मधला पट्टा घासला तर हवा जास्त. एकच कड घासली तर अलाइनमेंट. खड्डे-खड्डे पडले तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग. एवढं प्रत्येक ड्रायव्हरला पाच मिनिटांत शिकवता येतं. मागच्या जोडचाकांत एकाची हवा कमी झाली तर ते दुसऱ्याबरोबर फरफटत घासतं आणि बाहेरून दिसत नाही, आतलं चाक वाकून बघावं लागतं. हवा थंड टायरलाच मोजायची. तापलेल्या टायरचा आकडा चढा दिसला म्हणून हवा सोडणारे अजून आहेत, त्यांना कोपरापासून नमस्कार.

ताफाप्रमुख

(तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार, आता हिशोब देतो.

आकडेमोड यांनी सांगितल्याप्रमाणे १७, २२ आणि ३१ या तीन गाड्या आणि तीन ड्रायव्हर एकाच मार्गावर फिरवले. तिघांच्याही हातात १७ नंबर सगळ्यात खाली राहिली. ज्याला मी समज दिली होती त्याने २२ वर तिघांत सगळ्यात चांगला आकडा काढला.

मग थर्मामीटर. गाडी गेटवर आली तेव्हा मी स्वतः उभा होतो. मागच्या अ‍ॅक्सलची उजवी बाजू ६८ अंश, डावी १४०. पुन्हा धरला, १३८. वास मलाही आला, जळक्या लायनरचा. दोन वर्षांत तो वास माझ्या ऑफिसच्या खिडकीतून कधी आला नव्हता.

चाक उघडलं. ब्रेकचा कॅम शाफ्ट (शू ड्रमवर दाबणारा दांडा) बुशमध्ये इतका आवळला होता की ब्रेक सोडल्यावर शू पूर्ण मागे जात नव्हते. बुश कोरडं ठणठणीत. पण वहीत तर दर वेळी "ग्रीसिंग ओके". पोऱ्याला बोलावलं, म्हटलं दाखव कसं करतोस. त्याने निपलवर (ग्रीस आत जायच्या तोंडावर) गन लावली, दोनदा दाबली, बाहेर आलेलं ग्रीस फडक्याने पुसलं आणि बरोबरची खूण केली. ग्रीस आत जातच नव्हतं, कडेने बाहेर येत होतं. मागे एकदा चासीला रंग मारला तेव्हा निपलवरही रंग बसला होता, तोंड बंद. पोऱ्या खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी ग्रीसिंग झालं होतं.

त्या ड्रायव्हरला बोलावून समजेचा कागद त्याच्यासमोर फाडला आणि चूक माझी होती असं म्हटलं. तो म्हणाला, "साहेब, स्लिपेवर आणि काय लिहायचं होतं ते तरी सांगा." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता स्लिपेचा नमुना बदललाय. डाव्या बाजूला ड्रायव्हर त्याच्या शब्दांत लिहितो, "जड" चालेल, "कुरकुर" चालेल, पण कधी होतं ते लिहायचं : थंड असताना की तापल्यावर, चढाला की उताराला, रिकामी की भरलेली. उजव्या बाजूला मेकॅनिक काय सापडलं ते लिहितो, काही सापडलं नाही तर तसंच लिहितो. "ओके" हा शब्द बंद. पुढची ड्युटी घेणारा ड्रायव्हर दोन्ही बाजू वाचून सही करतो, मग किल्ली.

रात्रपाळी

पुढच्या ड्रायव्हरने सही करायची पद्धत अमेरिकेत नियमातच आहे. आधीच्याने दोष लिहिला असेल तर नव्याने तो अहवाल बघून सही केल्याशिवाय निघायचं नाही. चांगलं केलंत. पण रात्री दोनला वर्कशॉप बंद असताना उजवी बाजू कोण भरणार?

ताफाप्रमुख

तिथेच अडलोय. सध्या गेटवरचा माणूस "तपासलं नाही" असं लिहितो. ब्रेक, स्टिअरिंग, टायर यातलं काही असेल तर गाडी उभी. बाकीचं सकाळी. फेरीनियोजक ताईंसारखं कुणी माझ्याकडे नाही, त्यामुळे गाडी उभी केली की ड्युटीवाले अजून तोंड फिरवतात.

फेरीनियोजक

त्यांना एक राखीव गाडी द्या आणि तिचा हिशोब त्यांच्या नावावर टाकू नका. मीही पहिले सहा महिने तोंड फिरवत होते.

जुना_फोरमन

पोऱ्याला ओरडला नाहीत ना?

ताफाप्रमुख

नाही. त्यालाच आता गेटवर ठेवलंय, थर्मामीटर त्याच्याकडे. फार खूश आहे.

ग्रीसगन

रंग चासीच्या एकाच बाजूला मारत नाहीत. उजव्या बाजूचा निपल बघितलात का?

ताफाप्रमुख

तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता खाली जाऊन आलो. त्यालाही रंग. आणि २२ नंबरलाही.